पायानं आणलेलं पाणी

शालनआक्काच्या एकूण एक साड्यांना डाव्या मांडीवर ठिगळ असायचं. साडी दिवाळीची असो की रोजची, तिथलं कापड वर्षभरात विरायचंच. लहानपणी पोलिओनं तिचा डावा पाय गेला. त्या पायात उभं राहायचं बळ नव्हतं, म्हणून पाऊल टाकताना ती डाव्या हाताचा तळवा मांडीवर दाबून धरायची, गुडघा दुमडू द्यायची नाही, आणि तेवढ्या वेळात उजवा पाय पुढे टाकून घ्यायची. जन्मभर हेच. ठिगळ ती आतून लावायची, रंगाला रंग जुळवून, बाहेरून कुणाला कळू नये असं. मी ठिगळापासून सुरुवात करते आहे, कारण पुढे तिला ज्यांनी ज्यांनी तपासलं त्यांतल्या एकानेही ते बघितलं नाही.

गेल्या महिन्यात पेठ वडगावहून तिच्या भावाचा फोन आला, "बाई, आक्का गेली." मी फोन ठेवला आणि आधी काय केलं असेल तर टीव्ही बंद केला. टीव्हीवर कुणीतरी ताडताड बोलत होतं, बोगस दिव्यांगांना शोधून काढणार, एकालाही सोडणार नाही. माझ्या घरात त्या दिवशी तो आवाज मला नको होता.

मी प्राथमिक शाळेतली शिक्षिका, आता निवृत्त. कोल्हापुरात आमचं दार आणि तिचं दार समोरासमोर. मध्ये एवढी गल्ली, की तिने तिकडे आमटीला फोडणी दिली की इकडे मला शिंक यायची. ती एका खोलीत एकटी राहायची. आई होती तोवर दोघी होत्या. लग्न झालं नाही. "पोरगं बघायला आलतं एकदा," ती सांगायची, "त्येनं माझा पाय बघिटला आन मी त्येचं नाक बघिटलं. दोघंबी नको म्हटलो." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल 'गेलो', 'आलो' असंच म्हणतात. आक्काच्या तोंडी ते फार शोभायचं.

दाराच्या जोत्यावर बसून ती वाकळा शिवायची. जुन्या साड्या, धोतरं, चादरी यांचे थर रचून जाड दोऱ्यानं घातलेली गोधडी म्हणजे वाकळ. कापड आणून देणाऱ्या बाईला ती आधी विचारायची, हे कुणाचं? सासूचं लुगडं असेल तर ते आतल्या थरात, लेकराचं झबलं असेल तर वरती, अंगाला लागेल असं. एकदा एका सुनेनं सासूची साडी वरच लावा म्हणून सांगितलं, तर म्हणाली, "रातभर सासू अंगावर घिऊन झोपणार व्हय? तुझी मर्जी बाई." हातानं काम आणि तोंडानं गल्लीचा कारभार. कुणाची मोटारसायकल जोरात आली की बसल्या जागेवरून आवाज, "ए शाण्या, हितं काय तुझ्या सासऱ्याचा हायवे हाय काय?" मोटारसायकलवाला कितीही मोठा दादा असला तरी हळू व्हायचा.

आणि तिला कुणीही कधीही विचारलं, आक्का कसं काय, तर एकच उत्तर. "झ्याक हाय की!" वर्षानुवर्षं सगळा भार उजव्या पायावर पडून त्याचा खुबाही झिजला होता. काही सकाळी तिला अंथरुणातून दारापर्यंत यायला माझा स्वयंपाक होईल एवढा वेळ लागायचा. दार उघडलं की तोंड धुतलेलं, केस विंचरलेले, कुंकू लावलेलं. दुखणं ही तिच्या मते घरात घालायची वस्तू होती, परकराच्या नाडीसारखी. चारचौघांत दाखवायची नाही. मला ते खोटं वाटायचं आणि मी तिच्याशी त्यावरून भांडायचेही. पण कोल्हापूरचं माणूस परक्यापुढे कण्हत नाही. आलेल्या पावण्याला तब्येतीचं रडगाणं ऐकवणं म्हणजे त्याला चहा न विचारण्यासारखं.

अपंगांना दरमहा जे सरकारी अनुदान मिळतं त्याला आमच्याकडे सगळे 'पगार' म्हणतात. आक्काचा पगार होता. त्याच्यावर तिची खोली होती. वाकळांवर मीठ-मिरची निघायची, भाडं निघायचं नाही. पगार नसता तर तिला वडगावला भावाच्या दारात जावं लागलं असतं. भाऊ वाईट नव्हता. पण भावजय तिच्यासमोर ताट ठेवताना जो आवाज करायची तो आक्काने एका दिवाळीत ऐकला होता, आणि तेव्हापासून ती म्हणायची, "मरंपतोर ह्याच खोलीत. हितनं मला चौघांनीच न्ह्यायचं." तिला आयुष्यात दुसरं काही नको होतं. हे एवढं लक्षात ठेवा.

आता तिचं टेंबलाईचं पाणी सांगते. सगळं त्यावरूनच झालं.

आषाढात पंचगंगेला नवं पाणी येतं. ते कळशीत भरून, पूजा करून, वाजतगाजत टेंबलाईच्या डोंगरावर न्यायचं आणि देवीच्या पायरीवर ओतायचं, ही आमची गल्लीजत्रा. मंगळवारी आणि शुक्रवारी शहरातल्या गल्ल्याच्या गल्ल्या निघतात. पुढे पी-ढबाक वाजत असतं, सनईसारखा तो पिपाणीचा सूर आणि ढोलाचा दणका. संध्याकाळी गल्लीत मटणाचे वाटे पडतात. नदीपासून टेंबलाई म्हणजे आख्खं शहर आडवं तुडवायचं. गंगावेस, बिंदू चौक, राजारामपुरी, आणि शेवटी चढ.

आक्का पोलिओच्या तापात होती तेव्हा तिच्या आईने देवीला बोलून ठेवलं होतं, पोरगी जगली तर दर आषाढाला तिच्या पायानं तुझं पाणी आणीन. जगली. पाय गेला. असा व्यवहार दुसऱ्या कुणी केला असता तर आपण त्याला कोर्टात खेचलं असतं, पण आईने तसं मानलं नाही आणि लेकीनेही नाही. तरुणपणी आक्का खरोखर चालत जायची. सकाळी निघायची, गल्ली जेवून झोपायच्या बेतात असताना परत यायची. पुढे उजवा खुबा गेला आणि ते संपलं.

तेव्हा गल्लीने एक तोड काढली. कुणी बैठक घेतली नाही, ठराव केला नाही. आमच्या गल्लीच्या तोंडावर इक्बालभाई केळी विकतात. त्यांचा चार चाकांचा हातगाडा. आषाढातल्या त्या शुक्रवारी ते गाडा धुऊन काढायचे, वर वाकळ अंथरायचे, दोन्ही बाजूंना साडी बांधून आडोसा करायचे. आक्का कळशी मांडीवर घेऊन आत बसायची, तोंड मागच्या बाजूला, कुणाला दिसू नये म्हणून. गाडा मिरवणुकीच्या शेपटाला. टेंबलाईच्या पायथ्याशी गर्दीत ती उतरायची आणि शेवटच्या पायऱ्या मांडीवर हात दाबत स्वतः चढायची. वरती पोचली की इक्बालभाई गाड्याजवळ हात जोडून उभे. आणि गल्लीत परत आल्यावर सगळ्यांनी एकच म्हणायचं, आक्का चालत गेली.

एका वर्षी नव्यानं आलेली एक सून बोलून गेली, "आक्का गाड्यावर छान बसल्या होत्या." आमच्या गल्लीतल्या सगळ्यांत वडील हौसाकाकू तिथेच चटणी कुटत होत्या. त्यांनी मुसळ खाली ठेवलं. "कुठला गाडा? आक्का चालत गेली. म्हण, चालत गेली." त्या पोरीनं म्हटलं. तिला आणि बाकी सगळ्यांना पुरून उरेल अशी ती शिकवण होती. सगळी गल्ली इतकी वर्षं हे बोलत आली, की मला वाटतं काहींना ते खरंच वाटायला लागलं होतं.

मग मोठ्या मोठ्या लोकांचे बनावट दाखले उघडकीला आले. पेपर भरले. खुर्च्यांवर बसलेली, गाड्यांतून फिरणारी, आंधळी नसलेली आंधळी आणि लंगडी नसलेली लंगडी माणसं. त्यांचं काय झालं ते तुम्हाला माहीत असेल तर मला सांगा. मला एक उदाहरण माहीत आहे. आमच्याच शाळेत एक गुरुजी होते. कानाने अधू असल्याचा दाखला काढून त्यांनी लांबच्या वाडीवरून शहराजवळ बदली करून घेतली. आम्ही स्टाफरूमच्या कोपऱ्यात त्यांच्याबद्दल कुजबुजलो की ते व्हरांड्यातून उत्तर द्यायचे. तपासणीचा हुकूम निघाला तेव्हा त्यांनी वकील दिला, तारीख घेतली, आणि अजून ते त्याच शाळेत आहेत. पोरांचे पाढे लांबून ऐकून चूक काढतात. माझं म्हणणं सोपं आहे. चोर पकडायचे तर पकडा ना. पण वकील देणाऱ्याच्या वाट्याला तारीख आणि वाकळ शिवणारीच्या वाट्याला तपासणी, ह्याला मी न्याय म्हणणार नाही.

आक्काच्या बाबतीत झालं ते असं. त्या आषाढात गल्लीतल्या कुणाचा तरी पावणा म्हणून एक गृहस्थ जत्रेला आला होता. मोबाईलवर कसलंसं चॅनल चालवायचा. त्याने टेंबलाईच्या पायऱ्यांवर आक्काचं चित्रण केलं. कळशी खांद्याला टेकवलेली, कपाळभर हळद-कुंकू, चेहरा घामानं आणि आनंदानं निथळलेला. व्हिडिओत ती कमरेपासून वर आहे. खाली मांडी, मांडीवरचा हात, ते ठिगळ, काहीच नाही. वर अक्षरं टाकली, 'दिव्यांगांचा पगार खाऊन डोंगर चढणारी बाई'. हे सगळं करून त्याच संध्याकाळी आमच्या गल्लीत मांडीला मांडी लावून पांढरा रस्सा ओरपला, आणि आक्काच्याच वाट्यातलं मटण "आणि घ्या की पावणं" म्हणून तिनेच त्याला वाढलं. तो दिसला असता तर मी काय केलं असतं ते लिहीत नाही. अजून दिसायचा आहे.

व्हिडिओ फिरला. तक्रार गेली. पगार थांबला आणि तपासणी शिबिराला या म्हणून निरोप आला.

शिबिर एका मंगल कार्यालयात होतं. आदल्या दिवशीच्या लग्नाची 'शुभविवाह' ही थर्माकोलची अक्षरं तशीच होती. खाली खुर्च्यांवर, सतरंज्यांवर, भिंतीला टेकून सगळा जिल्हा बसलेला. पार आजऱ्याकडून पहाटे निघून आलेली माणसं. कुणाच्या पाठीवर म्हातारा बाप, कुणाच्या कडेवर तेरा-चौदा वर्षांची मुलगी. आणि डॉक्टर कुठे? स्टेजवर. जिथे नवरा-नवरी बसतात तिथे टेबल टाकून. वर जायला पायऱ्या, त्यांना कठडा नाही.

मी तिथल्या माणसाला म्हटलं, "डॉक्टरांना खाली बोलवा."

"बाई, प्रत्येकासाठी डॉक्टर खाली आले तर कसं व्हायचं?"

"प्रत्येकासाठीच यायला पाहिजे. शिबिर कुणाचं आहे?"

"आवाज चढवू नका. नाव पुकारल्यावर वर आलं नाही तर गैरहजर लागते."

मी आणखी आवाज चढवणार, तेवढ्यात आक्का उठली. नाव पुकारलं गेलं होतं. ती स्टेजकडे गेली, एका हाताने मांडी दाबली, दुसऱ्या हाताने स्टेजची कड धरली, आणि चढली. वर जाईपर्यंत तिचा ब्लाऊज पाठीला चिकटला होता. वर पोचल्यावर तिने काय करावं? पदर सारखा केला आणि डॉक्टरांकडे बघून हसली.

"काय त्रास होतो?" डॉक्टरांनी वर न बघता विचारलं.

"कायबी न्हाय सायेब. झ्याक हाय की!"

मी खालून ओरडले, "आक्का! डॉक्टर आहेत ते!"

तिने मलाच डोळ्यांनी दटावलं. डॉक्टरांनी तक्रारीचा कागद पाहिला, डाव्या पोटरीला एकदा हात लावला आणि लिहिलं. पायऱ्या स्वतः चढून आल्या. तक्रार नाही. स्थानिक चौकशीनंतर निर्णय. उजव्या खुब्याबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. त्या डॉक्टरांनाही संध्याकाळपर्यंत ते सगळं कार्यालय उरकायचं होतं, हे मला कळतं. पण मला कळून उपयोग काय? पायऱ्या चढली तर सोंग आणि नाही चढली तर गैरहजर. ह्यात खऱ्या अपंगाने जगायचं कसं, ते मला कुणीतरी स्टेजवरून खाली येऊन समजावून सांगावं.

खाली आल्यावर मी तिच्यावर खेकसले. "झ्याक हाय म्हणायची काय गरज होती?"

"मग काय म्हनू? सकाळच्या पारी हसून इचारलं बिचाऱ्यानं."

"हसून? त्याने मान वर केली नाही!"

"दमला आसंल की ग बाई."

मग चौकशीवाला आला. तरुण पोरगा होता, सभ्य, चपला बाहेर काढून जोत्यावर बसला. मी तेव्हा शाळेत होते. संध्याकाळी आल्यावर मला हे हौसाकाकूंनीच सांगितलं, आणि मोठ्या कौतुकानं सांगितलं, हे विशेष. त्याला त्यांनी चहा दिला. त्याने विचारलं, "शालनबाई टेंबलाईला पाणी घेऊन जातात का?"

"जाती म्हंजे? आमच्या गल्लीचं पयलं पाणी तिचं!"

"कशा जातात?"

आता ह्या प्रश्नाला आमच्या गल्लीत एकच उत्तर होतं. ते त्यांनी सुनांना शिकवलं होतं, पोरांना शिकवलं होतं. काकू छाती काढून म्हणाल्या, "चालत! नदीपासनं डोंगरापतोर, चालत!"

त्याने इक्बालभाईंना विचारलं. त्यांच्या गाड्यावर आक्का वर्षानुवर्षं बसली होती. त्यांनीच आडोशाची साडी बांधली होती. ते म्हणाले, "आक्का व्हय? चालतच जाती की सायेब. दरसाल बघतो मी. माझा गाडा मागं असतोय, पर त्यात नारळ-बिरळ असत्यात."

आणखी दोन घरांत विचारलं. तेच. एकेकाने वर मीठ-मसाला घातला. कुणी म्हणालं, आमच्या पोरांच्या पुढं असती. तो पोरगा लिहीत गेला. चहा संपवून, सगळ्यांच्या सह्या घेऊन, आक्काला नमस्कार करून गेला. गल्लीने एका मुखाने, प्रेमाने, तिला बुडवलं.

मी त्या संध्याकाळी हौसाकाकूंना, इक्बालभाईंना, सगळ्यांना रस्त्यात उभं करून फैलावर घेतलं. इक्बालभाईंच्या लक्षात आलं तेव्हा ते मटकन गाड्याच्या दांडीवर बसले. "बाई, तोंडातनं तेच येतंय ओ. आता काय करायचं?" मी म्हटलं, सुनावणी आहे, तिथे खरं सांगायचं, आणखी काय करायचं?

सुनावणीला आक्काला मी रिक्षाने घेऊन गेले. साहेब वयस्कर होते आणि मला अजून त्यांच्याबद्दल वाईट बोलता येत नाही, ह्याचाही राग येतो. त्यांनी तिला खुर्ची दिली. व्हिडिओ दाखवला.

"ह्यात तुम्हीच आहात?"

"व्हय."

"नदीपासून डोंगरापर्यंत चालत गेलात? शेजारी तसं सांगतात."

मी उठून उभी राहिले. "साहेब, ती गाड्यावरून जाते. केळीच्या गाड्यावरून. शेवटच्या पायऱ्या तेवढ्या चढते. सगळी गल्ली खोटं बोलली, तिच्या मायेपोटी. गाडेवाल्याला आत्ता बोलावते."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. आक्काकडे वळून म्हणाले, "आक्का, बाई म्हणतात ते खरं असेल तर तेवढं सांगा. गाड्यावरून गेले म्हणा. मी तसं लिहून घेतो आणि तुमचा पगार चालू करतो." तिला त्यांनी वाट करून दिली होती. दार सताड उघडं होतं. तिने फक्त हो म्हणायचं होतं.

आक्काने माझ्याकडे बघितलं. मग साहेबांकडे. तिचा डावा हात बसल्या जागीही मांडीवर दाबलेला होता.

"बाईंचं ऐकू नका सायेब. त्या मागनं येत्यात, त्यांना काय म्हाईत? मी चालत गेलतो. दरसाल चालतच जातो."

"आक्का, विचार करून बोला."

"करूनच बोलालोय."

तिने सही केली. शाळेत चौथीपर्यंत गेलेली, सही ठसठशीत करायची. आदेश झाला. शासनाची दिशाभूल करून लाभ घेतल्याचं सिद्ध होत आहे. पगार कायमचा बंद.

आम्ही रिक्षाने परत निघालो. दसरा चौक मागे पडल्यावर मला राहवेना. "का बोललीस खोटं? तुझी खोली गेली, कळतंय का? वडगावला जावं लागेल. त्या ताटापुढे."

"कळतंय की."

"मग?"

"आईनं बोलताना पायानं म्हटलतं बाई. तिच्या पायानं आणीन. मी गाड्यावरनं गेलतो म्हणून सही करून दिली, तर आई खोटी पडली न्हवं? मेलेल्या माणसाला खोटं पाडून मी भाड्याच्या खोलीत ऱ्हाऊ?"

"आणि देवीला माहीत नाही तू गाड्यावरून येतेस ते?"

"तिला म्हाईत न्हाय व्हय? चांगलं म्हाईत हाय. बघती की सगळं." ती बाहेर बघत होती. "पर तिनं कवा इचारलं न्हाय. ह्या लोकांनी इचारलं."

मला तेव्हाही तिचा राग आला होता आणि आजही येतो. पण तिचा येतो त्याच्या कितीतरी पट त्या प्रश्नाचा येतो. वर्षात एवढे दिवस असतात. ती मोरीपर्यंत कशी जाते, पाण्याची घागर कोण भरतं, पावसाळ्यात खुबा धरला की दोन-दोन दिवस चूल का पेटत नाही, हे कुणी विचारलं नाही. जो एक दिवस तिने देवीसाठी राखून ठेवला होता, नेमका तोच उचलला. माणसाच्या सगळ्यांत मोठ्या हौसेवर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, बघा, हिला काही झालेलं नाही.

पुढच्या आषाढात खोली सोडायची होती. आक्काने भावाला सांगितलं, जत्रा करून येतो. तो त्या शुक्रवारी टेम्पो घेऊन आला, तिची भांडी, ट्रंक आणि शिवायच्या राहिलेल्या वाकळा भरल्या, आणि टेंबलाईच्या पायथ्याशी जाऊन थांबला.

घाटावर इक्बालभाईंनी गाडा धुऊन आणला होता. वाकळ अंथरली होती, आडोसा बांधला होता. कळशीची पूजा झाली. आक्काने कळशी कमरेवर घेतली आणि गाड्याला वळसा घालून पुढे गेली.

"आक्का, बस की," इक्बालभाई म्हणाले.

"आज न्हाय."

"येडी झालीस काय? खुबा न्हाय ऱ्हायचा जाग्यावर!"

"सही करून दिलीया इक्बाल. चालत जातो म्हणून. आता चालाय नको?"

मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला. तो तिचा मांडी दाबायचा हात होता, आणि त्याची ताकद मला त्या दिवशी कळली.

ती चालली. उजव्या कमरेवर कळशी, डावा हात मांडीवर. हात दाबायचा, पाय टाकायचा. गंगावेशीतच तिचे ओठ पांढरे पडले. पी-ढबाकवाले नेहमी गल्लीला पळवत नेतात, ते त्या दिवशी तिच्यासाठी थांबून थांबून वाजवत होते. तिच्या पुढे गल्लीतलं एकही माणूस गेलं नाही. मागच्या गल्ल्या खोळंबल्या, मोटारींनी हॉर्न वाजवले, एक ट्रॅफिकवाला ओरडत आला आणि तिला बघून मोटारीच थांबवायला लागला. बिंदू चौकात ती गाड्याच्या दांडीला टेकून उभी राहिली, बसली नाही. हौसाकाकू पदरात तोंड घालून रडत होत्या. मला रडू आलं नाही. मला तो स्टेज दिसत होता, ती थर्माकोलची अक्षरं दिसत होती, आणि वाटत होतं, ह्या सगळ्यांना आणावं आणि हिच्या मागून चालवावं. घ्या तपासून. आता घ्या.

वर पोचलो तेव्हा दिवस कलला होता. तिने देवीच्या पायरीवर पाणी ओतलं. कळशी पालथी घालून शेवटचा थेंब निथळू दिला. मग तिथेच बसली. आवाज मात्र नेहमीचा.

"इक्बाल, गाडा रस्त्यानं वर आण. आन त्ये साडी-बिडी सोड."

इक्बालभाईंनी आडोसा सोडला. आम्ही चौघांनी तिला उचलून गाड्यावर बसवलं. ती नेहमीसारखी मागे तोंड करून बसली नाही. पुढे तोंड करून बसली, राणीसारखी, रिकामी कळशी मांडीत घेऊन.

"बघू दे आता ज्येला बघायचंय त्येला," ती म्हणाली. "काढा म्हणावं व्हिडिओ."

त्यानंतर ती कधी उभी राहिली नाही. वडगावहून फोनवर बोलायची, पण मी येते म्हटलं की नको म्हणायची. उभं राहून दार उघडता येत नाही तोवर कुणाला भेटायचं नाही, असा तिचा हट्ट होता. कशी आहेस विचारलं की शेवटच्या फोनपर्यंत तेच, झ्याक हाय की. म्हणून मी तिला शेवटचं बघितलं ते टेंबलाईच्या उतारावर. गाडा हळूहळू खाली टेम्पोकडे जात होता. तिचा डावा हात मांडीवरून सुटला होता, आणि दिवसभर दाबून दाबून आतलं ठिगळ फाटून बाहेर आलं होतं. तिने ते झाकलं नाही. दोन्ही बाजूंना जत्रेची गर्दी होती आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात मोबाईल होता. तिच्याकडे एकही वळला नाही.